नववीतल्या मुलीसाठी टेबल टेनिसचं रबर निवडताना: रत्नागिरीतलं एक प्रकरण

जून महिन्यातली गोष्ट. आमच्या हॉलमध्ये दोनच टेबलं आहेत, वर पत्रे, आणि पाऊस जोरात आला की समोरच्याचा आवाजही ऐकू येत नाही. अशाच एका संध्याकाळी सराव संपल्यावर एका मुलीचे वडील थांबले. एसटीत कंडक्टर आहेत. खिशातून तिकिटाच्या जुन्या रोलचा कागद काढला, त्यावर दोन ओळी लिहिलेल्या. "सर, भाच्याने मुंबईहून सांगितलंय, टेनर्जी नावाचं रबर घ्या म्हणून. दोन्ही बाजूंचे मिळून अकरा-बारा हजार होतात. पतपेढीतून उचल घेतो, पण पोरीला चांगलं द्यायचंय."

मुलगी नववीत, दीड वर्ष खेळत होती. आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास. हातात एक रेडीमेड बॅट, सुरुवातीला शहरातल्या दुकानातून घेतलेली. पुश चांगला, ब्लॉक बरा, फोरहँड ड्राइव्ह सरळ आणि स्वच्छ. अडत होतं एकाच ठिकाणी: समोरून बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी घेऊन आलेला चेंडू उचलून टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरणारी फिरकी देऊन मारायचा, ज्याला आम्ही लूप म्हणतो, तो दर वेळी नेटमध्ये. सप्टेंबरमध्ये शालेय जिल्हास्तर स्पर्धा होती. घरात असं ठरलं होतं की बॅट मंद आहे, म्हणून चेंडू पलीकडे जात नाही.

मी त्यांना म्हटलं, "दादा, पंधरा दिवस द्या. उचल घेऊ नका तोवर."

दोष हाताचा की रबराचा

आपल्याकडे बॅट बदलायचा निर्णय बहुतेक वेळा चेंडू नेटमध्ये गेला की घेतला जातो. पण नेटमध्ये जाण्याची कारणं दोन असू शकतात आणि दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. एक तर हात वर जात नाही. नाहीतर हात वर जातो, पण रबर चेंडूला धरत नाही, घसरू देतं.

आधी बॅट पाहिली. रबराचा मधला भाग चकचकीत झाला होता, दांड्याजवळचा भाग मात्र अजून मॅट. हे बघायला काही उपकरण लागत नाही. स्वच्छ चेंडू घ्यायचा, अंगठ्याने हलका दाबून रबरावर घासत न्यायचा. दांड्याजवळ चेंडू अडखळतो, हाताला ओढ लागते. मधे आणला की काचेवरून सरकावा तसा सरकतो. जिथे रोज चेंडू लागतो तिथलं रबर मेलेलं, जिथे लागत नाही तिथलं जिवंत.

मग त्याच दिवशी मल्टिबॉल केलं. एकाच जागी, एकसारखा बॅकस्पिन देऊन तीस चेंडू. तिच्या बॅटने आठ टेबलवर पडले. पुढचे तीस माझ्या बॅटने मारायला लावले. माझी बॅट कार्बनची, म्हणजे लाकडात कार्बनचा थर असलेली वेगवान, रबर जोरकस. त्यातले अकरा पडले, पण चुकांचा प्रकार पूर्ण बदलला: आता नेटमध्ये थोडेच, बाकी सगळे टेबलाच्या पार मागच्या भिंतीवर. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तिचा हात वर जात होता. पण वेगवान बॅट हातात आली की तीच मुलगी घाबरून मनगट आखडत होती आणि फटका अर्ध्यावर तोडत होती.

तिसरी गोष्ट आठवडाभर केली. हॉलच्या कपाटात एक जुनं पाच प्लायचं, म्हणजे लाकडाच्या पाच थरांचं ब्लेड (रबराखालची फळी) होतं, त्यावर साधं पण ताजं रबर होतं. तेवढ्याच बॅटने सराव करायला सांगितलं. आठवड्याच्या शेवटी तीसपैकी पंधरा. शिकवण्यात मी काहीही बदललं नव्हतं. म्हणजे निम्मा प्रश्न मेलेल्या रबराचा होता, उरलेला निम्मा हाताचा, आणि वेगाचा प्रश्न मुळात नव्हताच.

रबर नेमकं काय करतं

वडिलांना मी जे समजावलं ते इथे लिहितो, कारण पालक हेच विचारतात की आठशेचं आणि सहा हजारांचं रबर दिसायला सारखंच, मग फरक कशाचा?

रबराचे दोन थर असतात. वरचं पातळ टॉपशीट, त्याचे दाणे आत वळलेले. खाली स्पंज. चेंडू लागला की टॉपशीट त्याला पकडतं आणि स्पंज दबून परत उसळतो. पकड म्हणजे फिरकी, उसळी म्हणजे वेग, असं ढोबळमानाने धरा. बॅकस्पिन आलेल्या चेंडूची प्रवृत्ती खाली जायची असते. त्याची फिरकी मोडून उलटी फिरकी द्यायची तर रबराने तो क्षणभर घट्ट धरला पाहिजे. पकड गेलेल्या रबरावर चेंडू आपली फिरकी तशीच ठेवून खाली घसरतो. साडेपंधरा सेंटिमीटरही उंची नसलेलं नेट मग डोंगरासारखं होतं.

महागड्या रबरांचा इतिहास या उसळीशी जोडलेला आहे. पूर्वी खेळाडू सामन्याआधी रबराला स्पीड ग्लू लावायचे. त्यातल्या द्रावकाने स्पंज फुगायचा आणि चेंडू सुसाट सुटायचा. २००८ च्या सप्टेंबरपासून असे ग्लू बंद झाले. त्याच काळात कारखान्यातच ताण भरलेली रबरं जोरात पुढे आली. बटरफ्लायची टेनर्जी २००८ ची. या रबरांचा गोफणीसारखा एक गुण असतो: हलकासा स्पर्श झाला तरी चेंडू झेपावतो. ज्याचा हात तयार आहे त्याला हे वरदान आहे. ज्याचा हात अजून शिकतोय त्याचं काम रबरच करून टाकतं आणि हात शिकायचा राहतो. शिवाय पुश आणि छोटी सर्व्हिस परत करताना हेच रबर चेंडू उंच उडवतं.

दुसरं टोक चिकट चायनीज रबरांचं. यातलं सर्वांत प्रसिद्ध डीएचएसचं हरिकेन ३. टॉपशीट इतकं चिकट की ताजं असताना चेंडू त्याला लटकू शकतो, आणि स्पंज कडक. इथे एक फसगत होते. स्पंजचा कडकपणा अंशांत सांगतात, पण चायनीज अंशांचं ३९ आणि जर्मन अंशांचं ४७.५ यांची तुलना आकड्यांवरून करता येत नाही. डीएचएसचं ३९ हे जर्मन ४७.५ पेक्षाही हाताला कडक लागतं. वेबसाइटवर आकडा लहान दिसला म्हणून मऊ समजून मागवणारे मी पाहिले आहेत. असा स्पंज दाबायला हाताचा वेग लागतो.

तीन हजारांत काय काय बसतं

वडिलांचं खरं बजेट तीन हजार होतं. त्यात रेडीमेड बॅटचं रबर सोलून नवीन लावता येईल का, हे आधी पाहिलं. एका कोपऱ्यातून उचलायला लागताच लाकडाचा पापुद्रा निघू लागला. रेडीमेड बॅटांचं रबर कायमचं चिकटवल्यासारखं असतं, त्यामुळे ब्लेड नवीन घेणं भाग होतं. पाच प्लायचं, पूर्ण लाकडी, ऑलराउंड जातीचं ब्लेड बाराशेला मिळालं. कार्बन नको, सात प्लाय नको. उरले अठराशे, त्यात दोन रबरं आणि ग्लू.

माझ्या मनात पहिलं नाव आलं ते यासाकाच्या मार्क व्ही चं. १९६९ पासून बाजारात असलेलं रबर, बटरफ्लायच्या १९६७ च्या स्रायव्हरच्या पिढीतलं. चिकट नाही, मध्यम स्पंज, हाताने जेवढं द्याल तेवढंच परत देणारं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचं पहिलं खरं रबर तेच. पण एका बाजूलाच अडीच हजारांच्या आसपास जात होते. एका बाजूला मार्क व्ही आणि दुसरीकडे मिळेल ते, असं करावं का? मी नको म्हटलं. शिकताना दोन बाजूंची दोन वेगळी रबरं असली की चूक बॅकहँडची की रबराची, हे तिला कळत नाही आणि मलाही कळत नाही.

मग हजाराच्या आत येणारी नावं. फ्रेंडशिपचं ७२९ सुपर एफएक्स: टॉपशीटला पकड, स्पंज मऊ. यिन्हेचं मर्क्युरी २, जे मऊ, मध्यम, कडक अशा तीन प्रकारांत येतं. पालिओचं सीजे ८०००, थोडं महाग आणि त्याचेही स्पंजच्या कडकपणानुसार वेगळे प्रकार, त्यामुळे ऑर्डर करताना नीट वाचावं लागतं. ही तिन्ही रबरं सुधारत चाललेल्या नवशिक्याला चालण्यासारखी आहेत, आणि त्यांच्यात रात्रंदिवस तुलना करत बसण्यापेक्षा एक घेऊन सहा महिने खेळणं बरं.

याच दरम्यान भाच्याने आणखी एक लिंक पाठवली: तेच महागडं रबर अठराशे रुपयांत. वडिलांचे डोळे चमकले. मी त्यांना मंजूर रबरावर दांड्याजवळ काय छापलेलं असतं ते माझ्या बॅटवर दाखवलं: कंपनीचं आणि रबराचं नाव, आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचं चिन्ह आणि क्रमांक. महासंघ मंजूर रबरांची यादी प्रसिद्ध करतो, ती कुणालाही पाहता येते. त्या लिंकवरच्या फोटोत नेमका तोच भाग झाकलेला होता. तो विषय तिथेच मिटला.

माझी चूक

एवढं सगळं समजावून सांगितल्यावर ऑर्डर करताना मीच घसरलो. मी स्वतः फोरहँडला कडक स्पंजचं चिकट रबर वापरतो. आयुष्यभर त्याच्यावर खेळलो, त्यामुळे खरा टॉपस्पिन त्यानेच येतो अशी माझी खोलवर समजूत आहे. बॅकहँडला सुपर एफएक्स ठरवलं आणि फोरहँडला, दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या हा माझाच नियम मोडून, त्या कडक जातीतलं एक स्वस्त रबर मागवलं. तेही २.२ मिलिमीटर स्पंजचं. मनात हिशोब असा की आत्ता जड जाईल, पण वर्षभरात हात तयार होईल.

पहिल्या आठवड्यात ती खूश होती. रबर चेंडूला चिकटतंय, सर्व्हिस जोरात फिरतेय. दुसऱ्या आठवड्यापासून फटके नेटमध्ये जायला लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "सर, खांदा दुखतोय. मी जोर लावते, पण चेंडू जातच नाही." बॅट मी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. १८४ ग्रॅम. तिच्या जुन्या रेडीमेड बॅटपेक्षा पंचवीस ग्रॅमच्या वर जास्त. चौदा वर्षांच्या मनगटाला दीड तासात हे पंचवीस ग्रॅम शेकडो वेळा उचलायचे.

त्यात आषाढ सुरू झाला. कोकणातल्या पावसाळ्यात बंद हॉलमध्ये रबरावर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो, आणि चिकट रबराला त्याचा त्रास अधिक होतो. दमट हवेत चिकटपणा मंदावतो आणि धूळही लवकर धरते. ती दर दोन पॉइंटनंतर तळहाताने रबर पुसत होती, तळहाताचा घाम पुन्हा त्यालाच लागत होता. मल्टिबॉलची मोजणी केली, तीसपैकी बारा. कपाटातल्या जुन्या बॅटपेक्षा कमी.

पाच आठवडे आणि जवळपास नऊशे रुपये गेले. वडिलांकडून घेतलेले पैसे होते, ते मी परत दिले. ते घेत नव्हते. मी म्हटलं, "दादा, तिला काय लागतं हे न बघता मला काय आवडतं ते मी घेतलं." शिकवणाऱ्याने आपल्या बॅटवरून दुसऱ्याची बॅट ठरवू नये, हे मला माहीत होतं. तरीही झालं, म्हणून ते इथे लिहितोय.

दुसऱ्यांदा फोरहँडलाही सुपर एफएक्सच घेतलं, १.८ मिलिमीटर. जाड स्पंज दाबायला तेवढा फटका लागतो. पातळ स्पंजावर लाकडाची जाणीव हाताला लवकर पोचते, पुश आणि ब्लॉक ताब्यात राहतात. बॅट १६८ ग्रॅमवर आली.

लाटणं आणि नवीन ब्लेड

चिकटवायचं काम तिच्याच घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं. पाण्यावर आधारित ग्लू, म्हणजे द्रावक नसलेला. लाकडावर एक पातळ थर, स्पंजावर दोन. ग्लू लावताना पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात हे दहा-पंधरा मिनिटांत होईल; आमच्याकडे जुलैमध्ये पाऊण तास पंख्याखाली ठेवावं लागलं. घाई केली तर आत बुडबुडा राहतो. दांड्याकडून सुरुवात करून रबर हळूहळू खाली टेकवायचं, ताणायचं अजिबात नाही, आणि वरून लाटणं फिरवायचं. पोळी लाटताना जसा कडेकडे दाब जातो तसाच. तिच्या आईने ते काम आमच्यापेक्षा सफाईने केलं. मग बॅट उलटी ठेवून नवीन पात्याने कडेने कापायचं. जुनं पातं स्पंज फाडतं.

सायकलचं पंक्चर सोल्युशन लावू नका, हे मी आग्रहाने सांगतो, कारण आमच्याकडे अजून सर्रास लावतात. त्यातल्या द्रावकाने स्पंज फुगतो, रबर कडेने वळतं, आणि असे ग्लू स्पर्धेत चालत नाहीत. रबरावर तेल किंवा बूस्टर, म्हणजे स्पंज फुगवणारं द्रव्य लावून ते ताणणंही नियमाविरुद्ध आहे. रबर जसं मंजूर झालं तसंच, कुठलीही प्रक्रिया न करता वापरायचं असतं. एक बाजू काळी, दुसरी तिच्याहून स्पष्ट वेगळी दिसणाऱ्या चटक रंगाची हवी. २०२१ पासून लाल सोडून गुलाबी, निळा, हिरवा, जांभळा हेही चालतात. तिला निळा हवा होता. स्वस्त रबरांत तो सहज मिळत नाही, म्हणून लाल घेतला आणि बाजूची टेप निळी लावली.

निगेसाठी एक ओला स्पंज आणि दोन प्लास्टिकच्या शीट. सराव संपला की पाण्याने पुसायचं, वाळू द्यायचं, शीट लावायची, आणि बॅट पाठीवरच्या दप्तरात ओल्या रेनकोटशेजारी ठेवायची नाही. शेवटचं सांगायला सोपं, पाळायला अवघड.

नवीन रबराने काय बिघडवलं

हा भाग पालकांना कुणी आधी सांगत नाही. नवीन रबर आल्यावर तिचा खेळ काही बाबतींत आधी बिघडला. मेलेल्या रबरावर समोरच्याची फिरकी चढतच नाही, त्यामुळे दीड वर्ष ती सर्व्हिस कशीही परत करत होती आणि चालून जात होतं. आता पकड असलेलं रबर समोरच्याची फिरकीही पकडत होतं. साइडस्पिन आली की चेंडू थेट टेबलाबाहेर. "सर, जुनी बॅटच बरी होती," असं ती ऑगस्टमध्ये दोनदा म्हणाली. त्या महिन्यात आम्ही निम्मा वेळ फक्त सर्व्हिस ओळखण्याला दिला: समोरच्याची बॅट चेंडूच्या खालून गेली, बाजूने गेली की मागून.

तेव्हाच तिने मला दुसरा प्रश्न विचारला. मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचं, म्हणजे दाणे बाहेरच्या बाजूला असलेलं रबर वापरते, आणि २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एकेरीचं सुवर्णपदक घेतलं. २०२४ च्या फेब्रुवारीत बुसानला जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्या अयहिका मुखर्जीने चीनच्या अव्वल सुन यिंग्शाला हरवलं, तेव्हा तिच्या वेगळ्या रबराची चर्चा सगळीकडे झाली होती. मग आपणही बॅकहँडला तसं का लावू नये? समोरच्याची फिरकी त्रास देणार नाही. प्रश्न प्रामाणिक होता. मी तिला म्हटलं की ती रबरं म्हणजे स्वतंत्र खेळ आहे. त्यासाठी समोरून येणारी फिरकी आधी वाचता यावी लागते, नाहीतर आपलंच रबर काय करतंय ते आपल्याला कळत नाही. साध्या रबराने दोन वर्षं दोन्ही बाजूंनी खेळ, मग तुझा खेळ कुठे जातोय ते बघू. दार मी बंद केलं नाही.

सप्टेंबर आणि नंतर

जिल्हास्तर स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत हरली, पाचव्या गेममध्ये. पण बॅकस्पिनवरचा पहिला लूप तिने त्या सामन्यात सहज, विचार न करता मारला, आणि समोरची मुलगी नुसती बघत राहिली. वडील ड्युटी बदलून आले होते. दिवाळीनंतर मोजलं तेव्हा तीसपैकी एकोणीस.

हिशोब लिहून ठेवतो, कारण शेवटी प्रश्न पैशाचा होता. ब्लेड बाराशे, दोन रबरं मिळून सोळाशे, ग्लूची छोटी बाटली सव्वादोनशे. बजेट पंचवीस रुपयांनी ओलांडलं. या गतीने खेळलं तर वर्षातून दोनदा दोन्ही रबरं बदलायची, म्हणजे वर्षाला बत्तीसशे. महागड्या रबरांच्या एका जोडीच्या पैशात ही मुलगी साडेतीन वर्षं ताज्या रबरावर खेळेल. शिकणाऱ्यासाठी ताजं स्वस्त रबर हे जुन्या महाग रबरापेक्षा केव्हाही बरं, यावर माझं आता दुमत राहिलेलं नाही. किंमत फार असली की पालक ते मेल्यावरही वर्षभर चालवतात, आणि मग मूल पुन्हा जिथून निघालं तिथेच येतं.

जानेवारीच्या शेवटी ती स्वतःच बॅट घेऊन माझ्याकडे आली. चेंडू रबरावर घासून दाखवला, आधी दांड्याजवळ, मग मधे. फोरहँडचा मधला भाग गुळगुळीत व्हायला लागला होता, बॅकहँड अजून ठीक होता. "सर, फक्त फोरहँडच बदलायचं ना? आणि या वेळी २.० घेऊ का?" मी तीस चेंडू दिले. बावीस पडले, त्यातले बरेच टेबलाच्या शेवटच्या हातभर भागात, फटका पूर्ण संपवून मारलेले. २.० मागवायचं ठरलं, तेच रबर, तोच रंग.

जुनं लाल रबर तिने स्वतः सोललं, कडा कापून लहान केल्या आणि हॉलमध्ये नुकत्याच येऊ लागलेल्या चौथीतल्या एका मुलाच्या बॅटला लावून दिलं. लाटणं घरून आणलं होतं.